निळी कुत्री, काळी फुफ्फुसं: पनवेलच्या हवेचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ थोडे काढलेत, बाकी तसंच आहे.

आजचा विषय पनवेलची हवा. सुरुवात कुत्र्यांपासून करूया.

ऑगस्ट 2017. तळोजा एमआयडीसीत काही भटकी कुत्री निळी दिसायला लागली. खरोखर निळी, होळीला कुणी रंगवल्यासारखी. प्राणीमित्रांनी फोटो काढले आणि दोनेक दिवसांत ते जगभर फिरले. एका कारखान्यातला निळा रंग त्यांच्या अंगावर बसला होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्याला काम थांबवायला लावलं. पावसात कुत्र्यांचा बराचसा रंग धुऊन गेला आणि बातमीही धुऊन गेली.

मला या गोष्टीतला वेग महत्त्वाचा वाटतो. तळोज्याच्या कासाडी नदीकाठचे कोळी कित्येक वर्षं सांगत होते की पाणी बिघडलंय, मासळी मिळत नाही. त्यांच्या अर्जांना वर्षं लागली. कुत्री निळी झाल्यावर काही दिवस पुरले. कारण निळं कुत्रं दिसतं, त्याचा फोटो निघतो.

हवेचं तसं नाही. ती दिसत नाही. आपल्याकडे हवेवर जे काही केलं गेलं, ते आधी डोळ्यांना दिसलं म्हणून केलं गेलं. जे दिसत नव्हतं, ते कुणीतरी मोजेपर्यंत जणू नव्हतंच. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एक साधी गोष्ट आहे: ज्याचा लॉग नाही, तो बिघाड मीटिंगमध्ये कुणी मान्य करत नाही. पनवेलच्या हवेची गोष्ट अशीच आहे. लॉग कुणाचा ठेवला गेला आणि कुणाचा नाही, याची.

चाकांचं गाव

आधी जुनं पनवेल बघू. मुंबईहून होडीने यायचं, पनवेलच्या बंदरात उतरायचं आणि तिथून बोरघाट चढून पुण्याला जायचं. 1830 मध्ये घाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हा हा प्रवास रुळला. 1852 मध्ये इथे नगरपालिका आली, म्हणजे देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. इम्पीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीच्या चाकांची नोंद आहे. घाटावरच्या शेतकऱ्याला पनवेलची चाकजोडी हवीच असायची, अशा अर्थाचं तिथे लिहिलंय. चाक म्हटलं की लोखंडी धाव आली, ती तापवायची आगटी आली, लोहाराचा भाता आला. म्हणजे धूर तेव्हाही होता.

कोळसा यायचा आजूबाजूच्या जंगलांतून. या भागातल्या कातकरी समाजाचं नाव खैरापासून काथ काढण्याच्या कामावरून पडलं. पुढे हेच लोक कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला लागले. शहरांना लागणारा कोळसा त्यांनी पाडला, त्या भट्टीचा धूर त्यांनी खाल्ला. तो किती खाल्ला हे कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही. गॅझेटियर चाकं मोजत होतं.

आणि सगळ्यात मोठा धूर घराच्या आत होता. चूल, फुंकणी, ओलं सरपण, गोवऱ्या. कोकणातल्या जुन्या घरात अजून वर बघा, वासे काळे कुळकुळीत दिसतील. ती नुसती काजळी नाही, त्या घरातल्या बायकांनी पन्नास वर्षं जे श्वासातून घेतलं त्याची ती वर चिकटलेली प्रत आहे. पण चुलीपुढे डोळ्यांतून पाणी येणं हे बाईच्या जन्माचं भोग समजलं गेलं. त्याला कुणी ‘प्रदूषण’ म्हटलं नाही.

धूर किती काळा?

खाडीपलीकडे मुंबईत मात्र धूर दिसायला लागला होता. 1850 च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि बघता बघता गिरणगावच्या चिमण्या आकाशात घुसल्या. मग 1912 मध्ये कायदा आला: बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट. म्हणजे धुराचा उपद्रव रोखण्याचा कायदा. ‘उपद्रव’ हा शब्द लक्षात ठेवा. आजार नाही, उपद्रव.

त्या काळात जगभर धूर तपासायला रिंगेलमान तक्ता वापरायचे. एका कार्डावर करड्या रंगाच्या फिक्यापासून गडद छटा असतात. कार्ड धरायचं, चिमणीकडे बघायचं, धूर कुठल्या छटेशी जुळतो ते ठरवायचं. म्हणजे मोजायचं यंत्र कुठलं? इन्स्पेक्टरचा डोळा. पांढरा, रंगहीन वायू या परीक्षेत आरामात पास. सल्फर डायऑक्साइडला रंग नसतो.

मुंबईच्या गिरण्यांचा धूर कमी व्हायला आणखी एक कारण झालं, आणि ते आपल्या जिल्ह्यातलं आहे. 1915 मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटातल्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना जायला लागली. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याने मुंबईची हवा थोडी हलकी केली. पुढे परतफेड कशी झाली ते आता बघू.

खाडीच्या अलीकडे

1954-55 मध्ये तुर्भे-चेंबूर पट्ट्यात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, 1960 च्या दशकात खत कारखाना आला. चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणायला लागले. 1970 च्या दशकात केईएम रुग्णालयातले छातीचे डॉक्टर एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम हाती घेतलं, ज्याला माझ्या मते या गोष्टीत मानाचं पान द्यायला हवं. परळ, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग निवडून त्यांनी हजारो माणसांची तपासणी केली: खोकला, दम, फुफ्फुसांची ताकद. जास्त प्रदूषित भागात श्वसनाचे त्रास जास्त, हे पहिल्यांदा मुंबईच्या माणसांच्या छातीवरून, आकड्यांत समोर आलं. ‘चेंबूरला वास येतो’ आणि ‘चेंबूरच्या माणसाचं फुफ्फुस किती काम करतं’ यात मोठा फरक आहे. पहिली तक्रार असते, दुसरा पुरावा.

याच काळात मुंबईची गर्दी आणि कारखाने बाहेर हलवायचं धोरण आलं. मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला आणि जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यावर आपण वेगळा भाग करू. आज एवढंच नोंदवतो की जमिनीचा हिशोब तरी मांडला गेला. हवेचा सातबारा नसतो.

पनवेलजवळचं रसायनी बघा. हे गावाचं नाव आहे आणि रेल्वे स्टेशनचंही. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना तिथे आला, मग कीटकनाशकांचा आला, आणि पत्त्यातच रसायन बसलं. तळोज्याला सुमारे 900 हेक्टरची एमआयडीसी झाली. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरचे ट्रेलर आपल्या रस्त्यांवर आले. कळंबोलीत लोखंड बाजार, तिथूनच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, गोव्याचा महामार्गही पनवेलमधून. वर दगडखाणी आणि विमानतळासाठी सुरुंग लावून सपाट केलेला उलव्याचा डोंगर. डिझेलचा धूर, रसायनांची वाफ आणि खडीची धूळ असा तिहेरी मसाला.

आणि भूगोलही मदतीला नाही. पूर्वेला माथेरान, प्रबळगडाची रांग, वायव्येला खारघरचा डोंगर, मधे आपण. दिवसा समुद्रावरून वारा येतो, ऊन जमीन तापवतं, हवा वर उठते आणि धूर पांगतो. हिवाळ्यात रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण लागतं. पातेल्यावर ताट ठेवल्यासारखं. मग दिवसा जेवढा धूर सोडला तेवढाच रात्री सोडला, तरी आपल्या नाकाशी तो कितीतरी दाट होतो. रात्री वास येतो म्हणून कळंबोली, नावडे, खारघरचे लोक तक्रार करतात, त्यामागे हेही शास्त्र आहे.

मोजायचं काय आणि कधी?

प्रदूषण मंडळ 7 सप्टेंबर 1970 ला स्थापन झालं ते पाण्याच्या प्रदूषणासाठी. हवेचा केंद्रीय कायदा यायला 1981 उजाडलं. सुरुवातीला मोजायचे ते हवेतले एकूण तरंगते कण. त्यात रस्त्यावरची जाडी धूळही आली आणि डिझेलची बारीक काजळीही, एकाच वजनात. पण जाडी धूळ नाकात, घशात अडकते. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम 2.5, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाचे. ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात, त्यातले सर्वात बारीक रक्तातही उतरतात. म्हणून हवेमुळे नुसता दमा होत नाही. हृदयविकार आणि पक्षाघातही त्यात आहेत.

1993 मध्ये अमेरिकेत सहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ हजारांवर माणसांवर चौदा ते सोळा वर्षं लक्ष ठेवलं होतं. सर्वात प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वात स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्क्यांनी जास्त निघाला आणि बोट थेट बारीक कणांकडे गेलं. भारताच्या राष्ट्रीय मानकांत पीएम 2.5 आलं 2009 मध्ये. सोळा वर्षांनी. आपली वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासूनची 5.

आता माझ्या धंद्यातला मुद्दा. राष्ट्रीय कार्यक्रमातली हाताने चालवायची केंद्रं आठवड्यातून दोन दिवस मोजमाप घेतात, वर्षाला 104 दिवस, आणि त्यातून दिवसाची सरासरी निघते. समजा सर्व्हर दुपारी झकास चालतो आणि रोज रात्री तीन वाजता झोपतो. दिवसाची सरासरी काढलीत तर आलेख हिरवा दिसेल आणि रात्री तीनला ऑर्डर देणारा ग्राहक शिव्या घालेल. सरासरी खोटं बोलत नाही, पण ती कुणाची बाजू सांगते ते बघायला हवं.

2020 च्या हिवाळ्यात वातावरण फाउंडेशन या संस्थेने तळोजा, खारघर, पनवेल पट्ट्यात तासातासाचं मोजमाप केलं. निष्कर्ष असा की इथले लोक दिवसातले सुमारे 17 तास प्रदूषित हवा घेतात. अहवालाची बातमी आली आणि गेली. मग जानेवारी 2021 मध्ये त्यांनी खारघरमध्ये एक फलक उभारला. त्यावर फिल्टरच्या पांढऱ्या कापडाची दोन मोठी फुफ्फुसं आणि मागे हवा ओढणारे पंखे. दहा दिवसांत ती काळी पडली. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते. ज्यांना 17 तासांचा आकडा हलवू शकला नाही, त्यांना काळं कापड हलवून गेलं. पुन्हा तेच, निळ्या कुत्र्यासारखं.

चूल कुणी मोजली?

बाहेरची हवा मोजायला एवढा उशीर, मग आतली? त्याचा पहिला धागा दिल्लीत सापडतो. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी 1959 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुफ्फुसाच्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होते, त्या आजाराचे 127 रुग्ण त्यांनी तपासले. तो सहसा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार समजला जायचा. पण इथे बायकाही मोठ्या संख्येने होत्या, त्यातही कमी वयाच्या, आणि धूम्रपान न करणाऱ्या. कारण म्हणून बोट गेलं ते चुलीच्या धुराकडे.

1983 मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार गावांतलं मोजमाप प्रसिद्ध केलं. स्वयंपाक करताना बाईच्या नाकाशी धूलिकण सरासरी घनमीटरला 7 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे 7,000 मायक्रोग्रॅम. यात जाडे कणही धरलेत, त्यामुळे आजच्या पीएम 2.5 शी थेट तुलना करू नका. तरीही आकडा पुन्हा वाचा.

त्याच सुमारास सरकारने निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. 2002 पर्यंत तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या. पण मोजल्या त्या चुली. धूर कमी झाला का, हे कोण मोजत होतं? धुराडं काजळीने तुंबलं, चूल तडकली, मोठं पातेलं बसेना, की बाई आपली जुनी चूल पुन्हा मांडायची. ओडिशातल्या सुमारे 2,600 कुटुंबांच्या एका दीर्घ अभ्यासातही हेच दिसलं. पहिल्या वर्षी धूर कमी, नंतर फायदा संपला, कारण चुली दुरुस्त करून वापरल्या गेल्या नाहीत. मे 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस पोचला. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं देशात 58.6 टक्केच होती. सिलिंडर घरात असणं वेगळं आणि तो परत भरायला पैसे असणं वेगळं.

‘आमच्या फ्लॅटमध्ये कुठे चूल?’ असं म्हणणाऱ्यांसाठी. पनवेल खाडीकाठचं गाव, डास आपले घरचेच. 2003 च्या एका अभ्यासात असं आढळलं की एक डासांची कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे पीएम 2.5 कण सोडते, ते 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे असतात. आणि आपण ती लावतो कुठे? दारं-खिडक्या बंद करून, बाळाच्या पाळण्याखाली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुफ्फुसविकारावर वर्षानुवर्षं बोलतायत ते यासाठीच. विडीला हात न लावलेल्या आजीला हा आजार झाला की घरचे म्हणतात, “पण ती तर ओढत नव्हती!” ती ओढत होती. चुलीचा, कॉइलचा, रस्त्याचा.

धूर हलला कुठे?

डिसेंबर 2020 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये भारताचा हिशोब आला. 2019 या एका वर्षात हवेच्या प्रदूषणाशी जोडलेले मृत्यू 16.7 लाख. 1990 ते 2019 या काळात घरातल्या धुरामुळे होणारा मृत्युदर 64 टक्क्यांनी घटला. बाहेरच्या कणांमुळे होणारा 115 टक्क्यांनी वाढला. चूल विझत चाललीय आणि चिमणी पेटत चाललीय. आईने स्वयंपाकघरात कमावलेला श्वास मुलगा बसस्टॉपवर घालवतोय.

आणि पनवेल या हिशोबात कुठे आहे? जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. मानकं न पाळणाऱ्या शहरांची पहिली यादी 2011 ते 2015 च्या आकडेवारीवरून झाली. त्यात मुंबई आहे, नवी मुंबई आहे, बदलापूर, उल्हासनगर आहे. पनवेल नाही. पनवेल महानगरपालिका जन्मली 1 ऑक्टोबर 2016 ला, रायगड जिल्ह्यातली पहिली. तळोजा, कळंबोली, खारघर, कामोठे तिच्याच हद्दीत. पण केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर तोंडरे-तळोजा आणि कळंबोली सेक्टर 2ई ही केंद्रं शोधलीत, तर नावापुढे ‘नवी मुंबई’ दिसेल. धूर पनवेलचा, आकडा शेजाऱ्याच्या खात्यात. यादीत नाव असलं की कृती आराखडा येतो, निधी येतो, दरवर्षी उत्तर द्यावं लागतं. नाव नसलं की प्रश्न विचारायलाही पत्ता सापडत नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे, पण ते नेमकं आहे. पनवेलच्या प्रत्येक नोडमध्ये तासातासाला मोजणारं केंद्र हवं आणि त्याचे रात्रीचे आकडे पनवेलच्या नावाने जाहीर व्हायला हवेत. प्रभागात कुणी मत मागायला आलं तर रस्ता, पाणी विचारतो तसं हेही विचारा. रात्री वास आला तर ग्रुपवर रागाचा इमोजी टाकून झोपू नका. वेळ, जागा, वाऱ्याची दिशा लिहून प्रदूषण मंडळाकडे तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. शंभर घरांनी महिनाभर असं केलं तर तो लॉग होतो. चेंबूरचा त्रास डॉक्टरांनी माणसं तपासून लिहून काढला, म्हणूनच त्याला ‘उपद्रव’ म्हणून झटकता आलं नाही.

घरातलं काम तर आजच्या आज होण्यासारखं आहे. फोडणीच्या आधी एक्झॉस्ट लावा, नंतर दहा मिनिटं चालू ठेवा. महामार्गाच्या बाजूची खिडकी पहाटे बंद, दुपारी वारा सुटला की उघडी. सकाळी धावायला जात असाल तर उन्हं वर येऊ द्या. आणि खिडकीची जाळी फाटली असेल तर ती शिवून घ्या, मच्छरदाणी काढा. कॉइलच्या पाकिटापेक्षा ती महाग आहे, पण बाळाच्या छातीपेक्षा स्वस्त.

तुमच्या नोडमध्ये रात्री काय वास येतो, किती वाजता येतो, ते मला नक्की कळवा. पुढचा भाग जासईच्या लढ्यावर. भेटूच.